ट्रकला नवी हेडलाइट बसवली, तरी रस्ता दिसत नाही? दोष कुठे शोधायचा

बाजारातून आणलेली नवी हेडलाइट ट्रकला बसवली की पहिल्याच रात्री काही ठरावीक तक्रारी सुरू होतात. एका बाजूचा दिवा पिवळट, मेल्यासारखा पेटतो. एलईडी असेल तर लुकलुकते. अप्पर (लांबचा झोत) मारलं की उजेड वाढायच्या ऐवजी खाली पडतो. नाहीतर दिवे लख्ख पेटतात, पण समोरून येणारा प्रत्येक ड्रायव्हर आपल्यालाच डिपर मारत राहतो. मग दुकानदार म्हणतो पीस खराब आहे, बदलून देतो. दुसरा पीस येतो आणि तोही तसाच पेटतो.

दिवा खराब निघतो, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा दोष दिव्यात नसतो. करंट दिव्यापर्यंत येतो ती वाट आणि त्याहूनही जास्त तो परत जातो ती वाट, यांत तो दडलेला असतो. म्हणून दिवा काढून फेकण्याआधी ही वाट तपासायची. त्यासाठी व्होल्ट मोजणारा एक साधा मल्टिमीटर, वायरीत करंट आला की पेटणारा एक टेस्ट लॅम्प आणि अर्धा तास पुरतो.

सगळ्यात आधी गाडी किती व्होल्टची आहे ते पाहा. टाटा एस, बोलेरो पिकअप अशा छोट्या मालगाड्या १२ व्होल्टवर चालतात. मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट केलेले असतात आणि इंजिन चालू असताना साधारण २८ व्होल्ट मिळतात. घोटाळा असा की एच-४ या हेडलाइटच्या नेहमीच्या हॅलोजन बल्बचा आकार आणि तिन्ही पिना दोन्हीकडे सारख्याच. होल्डरमध्ये कुठलाही बल्ब बसतो. १२ व्होल्टचा बल्ब ६०/५५ वॅटचा, २४ व्होल्टचा ७५/७० वॅटचा (पहिला आकडा अप्परचा, दुसरा डिपरचा). बाराचा बल्ब चोवीसला लावला तर क्षणभर निळा-पांढरा भडकून उडतो. चोवीसचा बाराला लावला तर लालसर, थकलेला पेटतो. एलईडीवर ‘९ ते ३२ व्होल्ट’ असं काही छापलेलं असेल तर ती दोन्हीकडे चालते, पण सोबत आलेल्या वायरिंग किटमधली रिले चालेलच असं नाही. रिले म्हणजे छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. तिच्या आत कॉइल असते आणि ती एकाच व्होल्टेजची असते. बाराची कॉइल चोवीसवर तापून जळते, चोवीसची बारावर ओढतच नाही. रिलेच्या अंगावर आकडा लिहिलेला असतो, तो वाचायला विसरू नका.

इथे एका जुगाडाबद्दल स्पष्ट सांगायला हवं, कारण त्यात दिव्यापेक्षा कितीतरी महाग वस्तूचं नुकसान होतं. दिवा बाराचा आणि गाडी चोवीसची असली की काही जण दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर घेतात. दिवा उत्तम पेटतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण अल्टरनेटरला दोन्ही बॅटऱ्यांची बेरीज तेवढी कळते. ज्या बॅटरीवरून दिवा चालतो ती रोज जास्त रिकामी होते, चार्जिंगचा करंट मात्र दोघींतून सारखाच जातो. मग एक बॅटरी कायम अर्धपोटी राहते आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन पाणी उडवत राहते. काही महिन्यांत जोडी निकामी होते. बाराचाच दिवा लावायचा असेल तर चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर मध्ये घाला. नाहीतर सरळ चोवीसचा दिवा आणा.

एक दिवा मंद, आणि अप्परचा निळा दिवा उगाच मिणमिणतो

ही खूण दिसली की जवळपास खात्रीने समजा, त्या बाजूचा अर्थ, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी जोडणी, तुटलाय. नेमकं काय होतं ते समजून घेतलं तर पुढे अनेक कोडी आपोआप सुटतात.

एच-४ बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, एक डिपरचं, म्हणजे जवळच्या झोताचं, आणि एक अप्परचं. पिना तीन: डिपरची, अप्परची आणि दोघांची मिळून एक अर्थची. आता डाव्या दिव्याचा अर्थ सुटला आहे असं धरा. तुम्ही डिपर लावलं. करंट डाव्या बल्बच्या डिपर फिलामेंटमधून आला आणि अर्थच्या पिनेशी पोचला, पण पुढे वाट बंद. तिथून त्याला एकच मार्ग उरतो, त्याच बल्बचं अप्परचं फिलामेंट. त्यातून तो अप्परच्या वायरमध्ये उलटा शिरतो, उजव्या दिव्याकडे जातो आणि तिथल्या अप्पर फिलामेंटमधून उजव्या अर्थला मिळतो. म्हणजे तीन फिलामेंट एकापाठोपाठ एक जोडली गेली आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडे थोडे व्होल्ट आले. डाव्या दिव्यात दोन्ही फिलामेंट तांबूस पेटतात. डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा त्याच वायरवर असतो, म्हणून तोही मिणमिणतो. उजवं डिपर मात्र व्यवस्थित. हे सगळं पाहून माणूस स्विच बदलतो, रिले बदलतो, बल्ब तर तीनदा बदलतो. खरा दोष एका गंजलेल्या स्क्रूखाली असतो.

एलईडीत असंच झालं तर खूण वेगळी दिसते. तिच्यातले डायोड करंट उलटा जाऊ देत नाहीत, त्यामुळे ती बहुधा पेटतच नाही किंवा मधूनच फडफडते. पेटत नसलेली एलईडी म्हणजे लगेच मेलेली एलईडी नव्हे. शिवाय हॅलोजनला प्लस-मायनसचा फरक पडत नाही, एलईडीला पडतो. होल्डरमधल्या वायरी उलट्या असतील तर जुना बल्ब वर्षानुवर्षं चालतो आणि नवी एलईडी पहिल्या दिवशी गप्प बसते.

ट्रकमध्ये अर्थ इतका का बिघडतो, यालाही कारणं आहेत. केबिन रबरच्या बुशांवर बसलेली असते. रबरातून करंट जात नाही, म्हणून केबिन आणि चेसी यांना जोडणारी तांब्याची वेणीसारखी पट्टी दिलेली असते. पावसाळ्यात चिखल-पाणी खाऊन ती हिरवी पडते, आतून तुटते आणि बाहेरून शाबूत दिसते. बऱ्याच ट्रकच्या हेडलाइट आता बंपरमध्ये असतात आणि बंपर फायबरचा किंवा प्लास्टिकचा असतो. तिथे स्क्रू मारून अर्थची वायर अडकवली तर तो अर्थ नुसता दाखवायला. लोखंडी पत्रा असला तरी वर रंगाचा थर असतो. तो खरवडून उघडा धातू काढायचा, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) नीट दाबून बसवायची, बोल्ट घट्ट करायचा आणि वरून ग्रीस किंवा रंगाचा हात फिरवायचा. नव्या दिव्याची अर्थची वायर जाड घेऊन थेट चेसीवर किंवा बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत नेली, तर माझ्या मते पुढच्या निम्म्या कटकटी वाचतात.

मीटर २४ दाखवतो, तरी दिवा मंद का?

ही तक्रार फार ऐकू येते. होल्डर काढला, मीटर लावला, पूर्ण चोवीस आले. बल्ब लावला, उजेड नाही. मीटर खोटं बोलत नाही, आपण त्याला चुकीच्या वेळी विचारतो. नळ बंद असताना अर्ध्या तुंबलेल्या पाइपातही पूर्ण दाब असतो, नळ उघडला की मगच धार किती येते ते कळतं. वायरचंही तसंच. तिच्यात वीस तारांपैकी एकच शिल्लक असली तरी मीटरला पुरेल एवढा करंट ती देते. दिव्याचा तीन अँपिअर ओढायला गेलं की ती एकटी तार व्होल्ट खाऊन टाकते.

म्हणून मोजमाप दिवा जोडलेला आणि पेटलेला असतानाच करायचं. मीटरची लाल तार बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी तार दिव्याच्या मागे डिपरच्या पिनेला लावा. इथे जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत हरवले. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक. दीड-दोन आले तर वायर, फ्यूजचा होल्डर, रिले किंवा स्विच यांपैकी कुठेतरी अडथळा आहे. मग काळी तार मागे मागे आणत जा, रिलेच्या ८७ नंबरच्या पिनेवर (इथून करंट दिव्याकडे जातो), नंतर ३० नंबरवर (इथे तो बॅटरीकडून येतो), नंतर फ्यूजवर. आकडा जिथे एकदम कमी होतो, त्याच्या पुढच्या तुकड्यात दोष. तसंच परतीच्या बाजूचं मोजा. एक तार दिव्याच्या अर्थच्या पिनेला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. इथे दोन-तीन दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ दुरुस्त करा.

दीड-दोन व्होल्टनं काय बिघडतं, असं वाटू शकतं. हॅलोजनमध्ये बरंच बिघडतं. फिलामेंटला व्होल्ट दहा टक्के कमी पडले की उजेड दहा नाही, जवळजवळ तीस टक्के घटतो. २८ च्या जागी २५ पोचले तर एवढा उजेड वायरमध्येच गेला. त्यामुळे ‘जुन्या दिव्याला उजेड नव्हता म्हणून नवा घेतला’ या वाक्यातला जुना दिवा बहुधा निर्दोष होता. त्याच थकलेल्या वायरवर नवाही तसाच दिसणार.

त्यावर खरा उपाय रिलेची वेगळी वायरिंग हा आहे. मूळ स्विचवरून आलेली वायर नुसती रिलेच्या कॉइलला द्यायची, म्हणजे ८६ वर, आणि ८५ अर्थला. दिव्याचा खरा करंट बॅटरीवरून जाड वायरनं ३० ला आणून ८७ मधून दिव्याला द्यायचा. अप्परला एक रिले, डिपरला एक. ट्रकमध्ये बॅटरी चेसीवर, दिव्यांपासून लांब असते, तेव्हा अडीच चौरस मिलिमीटरची वायर घ्या आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवा. फ्यूज दिव्याजवळ ठेवला तर मधली पूर्ण वायर बिनसंरक्षण राहते. केबिन टिल्ट होते तिथे वायरीला ढील आणि वरून नळी हवी. तिथेच ती घासून उघडी पडते आणि चेसीला टेकते. काम करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

किट लावल्यावर अप्पर-डिपर उलटे झाले तर होल्डरच्या मागच्या दोन वायरींची अदलाबदल झालेली असते. टेस्ट लॅम्पनं कुठली पिन कधी जिवंत होते ते पाहा आणि पिना बदला.

जास्त वॅटचे बल्ब घालून उजेड वाढवण्याचा मार्ग मला मान्य नाही. १००/९० वॅटचा बल्ब साध्या प्लास्टिकच्या होल्डरला वितळवतो, रिफ्लेक्टरची चकाकी उडवतो, आणि एकदा रिफ्लेक्टर काळवंडला की कुठलाही बल्ब घाला, उजेड परत येत नाही.

एलईडी लुकलुकते

आधी तीच एलईडी फ्यूज घातलेल्या वायरनं थेट बॅटरीवर लावून पाहा. तिथेही लुकलुकली तर पीस परत करा. तिथे शांत पेटली तर गाडीच्या सप्लायकडे वळा.

जुन्या ट्रकमध्ये कारण साधं असतं, ढिला होल्डर नाहीतर खराब अर्थ. १ एप्रिल २०२० नंतरच्या, प्रदूषणाच्या बीएस-६ नियमांनुसार बनलेल्या गाड्यांत मात्र वेगळी शक्यता असते. यातल्या अनेक गाड्यांत दिव्यांचा ताबा थेट स्विचकडे नसून एका इलेक्ट्रॉनिक मॉड्युलकडे असतो. बल्ब शाबूत आहे का हे पाहायला काही मॉड्युल बारीक ठोके सोडतात, काही अखंड सप्लाय न देता अतिशय वेगानं चालू-बंद करत देतात. फिलामेंट तापलेलं असतं, त्याला त्या ठोक्यांनी फरक पडत नाही. एलईडी मात्र प्रत्येक ठोक्याला उत्तर देते, म्हणून फडफडते किंवा बंद असतानाही मंद लुकलुकते. शिवाय ती वीज कमी घेते, तेव्हा मॉड्युलला वाटतं बल्ब उडाला आणि डॅशबोर्डवर सूचना येते. अशा सप्लायवर रिले लावली तर तीही टर्र टर्र आवाज करते. यासाठी मॉड्युल आणि एलईडीच्या मध्ये बसणारा डिकोडर मिळतो, तो गाडीच्या व्होल्टेजचाच घ्या. त्यात रेझिस्टर असेल तर तो हात भाजेल इतका तापतो. त्याला प्लास्टिकवर किंवा वायरींच्या जुडग्यात न बांधता लोखंडावर बसवा. आणि अशा गाडीत मॉड्युलकडून येणाऱ्या वायरींवर मोठ्या बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नका, मीटरच वापरा.

सुरुवातीला लख्ख आणि थोड्या वेळानं मंद, हा प्रकार उष्णतेचा आहे. एलईडी तापली की तिचं सर्किट स्वतःला वाचवायला करंट कमी करतं. मागे पंखा असेल आणि त्यावर रबरी टोपी घट्ट बसवलेली असेल तर हवाच खेळत नाही. टोपी काढून टाकली तर पाणी-धूळ आत जाते, त्यामुळे पंख्याला जागा ठेवणारी मोठी टोपी घ्या.

काचेवर आतून वाफ धरते, तीही एलईडी लावल्यावर जास्त दिसते. हॅलोजनची उष्णता पुढे काचेवर पडून तिला सुकवायची, एलईडीची उष्णता मागे निघते. पहाटेची हलकी वाफ तास-दोन तासांत गेली तर चिंता नाही. थेंब साचत असतील, खाली पाणी उभं राहत असेल, तर सील फुटलंय किंवा हवा जाण्याचं भोक बुजलंय.

उजेड आहे, पण जातो कुठे?

माझ्या लेखी हा या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. एखाद्या घाटात समोरून चढणाऱ्या दुचाकीवाल्याला तुमच्या दिव्यानं दोन सेकंद काहीच दिसलं नाही, तर तो कुठे जाईल हे त्याच्या हातात राहत नाही.

एच-४ च्या डिपर फिलामेंटखाली धातूची एक छोटी वाटी असते. तिच्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली, रस्त्यावर येतो. एलईडीत फिलामेंटच्या जागी चिप असतात. त्या नेमक्या त्याच जागी नसतील, किंवा बल्ब कॉलरमध्ये (त्याला धरून ठेवणाऱ्या कडीत) थोडा फिरलेला असेल, तर उजेड खालच्या अर्ध्या भागावरही पडतो आणि तो वर उडतो, समोरच्याच्या डोळ्यांत. भिंतीवर झोत टाकून पाहा. वर अंधार, खाली उजेड आणि मध्ये स्पष्ट रेघ दिसली पाहिजे. रेघच नसेल, नुसता पांढरा ढग असेल, तर आधी कॉलरचा स्क्रू सैल करून बल्ब सरळ करा. वाटी खालच्या बाजूला आली पाहिजे. तरीही ढगच राहिला तर तो बल्ब त्या रिफ्लेक्टरला जुळत नाही. स्क्रू पिळून झोत खाली दाबला तरी ढगाचा ढगच राहतो.

पूर्ण हेडलाइट बदलली असेल तर रेघेचा आकारही पाहा. आपण डाव्या बाजूनं चालतो, म्हणून रेघ डावीकडे थोडी वर चढायला हवी, कडेचे लोक आणि पाट्या दिसाव्यात म्हणून. ती उजवीकडे चढत असेल तर दिवा अमेरिका-युरोपसारख्या उजव्या बाजूनं चालणाऱ्या देशांसाठी बनलेला आहे आणि तो कितीही नीट बसवला तरी समोरच्याच्या डोळ्यांतच जाणार. युरोपीय मान्यतेचा, वर्तुळात ‘ई’ असलेला शिक्का काचेवर असेल तर त्याजवळ आडवा बाण शोधा. दिव्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर बाण आपल्या उजव्या हाताकडे असेल तर तो डाव्या बाजूच्या वाहतुकीचा. दोन्हीकडे टोकं असतील तर दोन्हींसाठी. बाणच नसेल तर परत द्या.

झोत लावायला सपाट जागा आणि भिंत हवी. टायरमध्ये हवा बरोबर भरा, गाडी भिंतीपासून १० मीटरवर सरळ उभी करा. जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूनं रेघ मारा. एका दिव्यावर गोणपाट टाकून दुसऱ्याचं डिपर लावा. ट्रकचा दिवा उंच, मीटरभर किंवा जास्त असतो, तेव्हा झोताची वरची कड खडूच्या रेघेखाली १५ ते २० सेंटिमीटर यायला हवी. २० सेंटिमीटर म्हणजे दोन टक्के उतार: मीटरभर उंचीचा दिवा ५० मीटरवर जमिनीला टेकतो. हेडलाइटजवळ कंपनीनं टक्क्यात आकडा दिला असेल तर तोच पाळा. डॅशबोर्डवर झोत वर-खाली करायचं चाक असेल तर त्याआधी ते शून्यावर ठेवा.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १०६ नुसार दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाहेर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्याला झोत दिपवता कामा नये. दीड मीटर म्हणजे मध्यम उंचीच्या उभ्या माणसाचे डोळे. क्लीनरला त्या जागी उभं करा, डिपर लावा आणि विचारा.

हे सगळं रिकाम्या गाडीवर केलं असेल तर माल भरल्यावर पुन्हा पाहावं लागतं. मागचे पाटे दबतात, नाक वर उठतं आणि बरोबर लावलेला झोत झाडांच्या शेंड्यांवर जातो. वाशीहून भरून निघणारी गाडी बहुतेक रात्री भरलेलीच धावत असेल तर झोत भरलेल्या गाडीवरच लावा. नव्या दिव्याचे ॲडजस्टिंग स्क्रू हादऱ्यांनी सैल होतात, तेव्हा आठवड्याभरानं भिंतीसमोर पुन्हा एकदा.

काढलेले जुने हॅलोजन बल्ब चालू असतील तर फडक्यात गुंडाळून केबिनच्या पेटीत ठेवा, सोबत त्याच अँपिअरचे दोन फ्यूज. बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका, हाताचं तेल तापून काच तडकते. रात्री दोनला रस्त्यात एलईडी गेली तर हायवेच्या टपरीवर तसलीच मिळणं कठीण. मूळ होल्डर शाबूत ठेवून किट जोडलं असेल, म्हणजे वायरी कापल्या नसतील, तर हे बल्ब दहा मिनिटांत लागतात.